कौलांखालचे टेराबाइट

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या घरात एकाच वेळी दोन ठिकाणी उघडाउघडी चालली होती. वर अण्णा, खाली मी. अण्णा शाकारणीला आले होते. वाशांवर पाय रोवून एकेक कौल उचलायचे, उजेडाकडे धरून बघायचे, फुटकं खाली, धड बाजूला. खाली पडवीत मी कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचा बाजूचा पत्रा काढून आत डोकं घातलं होतं. शाकारणीच्या दिवशी कुठल्याही शहाण्या माणसाने कॅबिनेट उघडू नये, हे मला कळत होतं. पण दिवसभर लाईट नसणार असल्याचा मेसेज आला होता, डिझाइनचं काम बंद होतं, आणि नव्या दोन हार्ड डिस्क खोक्यातून माझ्याकडे बघत होत्या. वरची धूळ आत पडू नये म्हणून मी टेबलावर जुनी साडी मांडवासारखी बांधली आणि बसलो.

आई चहाचे पेले घेऊन आली.

"रे झिला, आता ह्या डब्यात आजून काय घालतलस?"

"दोन डिस्क, आये."

"आणि आदीची मेली?"

"मेली नाय. भरली."

आईने वर अण्णांकडे बघितलं, मग माझ्याकडे. दोघंही तिला सारखेच वाटले असावेत. पुरुषमाणसं उघडतात भराभर, मिटताना तिला हाक मारतात.

मी आचऱ्याचा. मालवण तालुक्यातला, खाडीच्या अंगाचा, रामेश्वराचा गाव. पोटासाठी लग्नपत्रिका, बॅनर आणि निवडणुका आल्या की कार्यअहवाल करतो. जिवासाठी दशावतार रेकॉर्ड करतो. त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास आमच्याकडे जत्रांचा हंगाम सुरू होतो आणि मग रात्रीमागून रात्र कुठल्या ना कुठल्या देवळापुढे गणपती, संकासुर आणि मग आख्यान. आख्यान ठरलेलं असतं, पण त्यातलं बोलणं लिहिलेलं नसतं. राजा रंगमंचावर येऊन काय बोलेल ते त्या राजालाच त्या रात्री कळतं. समोर पहिल्या रांगेत कोण बसलंय, पखवाज कोणाच्या हातात आहे, आदल्या दिवशी गावात काय भानगड झाली, सगळं त्या संवादात उतरतं. म्हणजे एकच नाटक पाच गावांत बघितलं तर ती पाच नाटकं असतात. त्याची संहिता नाही. असलीच तर बघणाऱ्याच्या डोक्यात, आणि आता थोडीफार माझ्या डिस्कवर.

हिशेब सांगतो, कारण हा लेख त्या हिशेबामुळेच लिहिला जातोय. माझा कॅमेरा सेकंदाला ५० मेगाबिट लिहितो. म्हणजे सव्वासहा मेगाबाइट. तासाला साडेबावीस जीबी. पाच तासांचं नाटक ११२ जीबी. मी दोन कॅमेरे लावतो, एक समोर तिपाईवर आणि एक पेटी-पखवाजाच्या बाजूला, कारण अर्धं नाटक तिथेच घडतं. झाले सव्वादोनशे. पंधरा जत्रा केल्या की ३.४ टीबी. माझ्या कॉम्प्युटरात होती एक टीबीची डिस्क. चार रात्री झाल्या की पाचव्या रात्रीसाठी मागची एखादी पुसावी लागायची. कुठली पुसायची ते ठरवायला बसलो की सकाळ व्हायची.

लोकराजा म्हणून सगळ्या सिंधुदुर्गाला ठाऊक असलेले सुधीर कलिंगण गेले, तेव्हा माझा फोन दोन दिवस वाजत होता. "तुझ्याकडे त्यांचा अमुक जत्रेतला प्रवेश असेल ना?" काहींना मी हो म्हणालो. एकाला नाही म्हणावं लागलं. तो प्रवेश मी केला होता. जागा नाही म्हणून पुसलाही मीच होता.

तर, डिस्क वाढवायच्या.

कॅबिनेट उघडल्यावर पहिलं दर्शन झालं ते कुंभारीण माशीचं. मागच्या बाजूला, जिथे जादाची कार्डं बसवायची फट असते, तिथे तिने चिखलाचं तीन खोल्यांचं घर बांधलं होतं. आत कोणी नव्हतं. कोकणात कुठलंही भोक दोन महिने रिकामं राहत नाही, हा माझा अनुभव. पंख्याच्या पात्यांवर काळसर चिकट थर होता. मुंबईची धूळ ब्रशने झटकली की उडते, आमची उडत नाही. खारी हवा तिला लेपासारखी बसवते. स्क्रूच्या डोक्यांवर तांबूस गंज. रॅमच्या पट्ट्या काढल्या, सोनेरी दातांवरून खोडरबर फिरवलं, परत बसवल्या. हे कुठल्या पुस्तकात नसेल, पण आमच्या बाजूला कॉम्प्युटर बंद पडला की निम्म्या वेळा याच उपायाने चालू होतो.

आईला या डब्याबद्दल एक जुनी तक्रार आहे. "हो डबो चावता." पुसताना तिचा ओला हात लागला की तिला झिणझिण्या येतात. मी बरीच वर्षं ते मनावर घेतलं नाही. मग कळलं की ती शंभर टक्के खरं बोलत होती. पॉवर सप्लायमध्ये विजेतला खरखराट गाळायला छोटे कपॅसिटर असतात, ते किंचित करंट कॅबिनेटच्या पत्र्याकडे सोडतात, आणि तो अर्थिंगच्या तारेने जमिनीत जावा अशी योजना असते. आमची जमीन जांभ्याची. पावसाळ्यात ठीक, पण मे महिन्यात जांभा इतका कोरडा पडतो की अर्थिंगला जमीन असून नसल्यासारखी. मग तो करंट वाट बघत पत्र्यावरच बसतो, आणि आईचा हात लागला की तिच्यातून जातो. उपाय जुनाच: अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा भरायचा आणि उन्हाळ्यात रोज बादलीभर पाणी. केळीला घालतो तसं. नवी डिस्क लावायच्या आधी मी ते काम केलं. हजारोंची वस्तू घेताना बादलीभर पाण्याचा आळस करणारे माझ्यासारखे किती असतील, कोण जाणे.

हार्ड डिस्क हातात घेतली की मला नेहमी तिच्या वजनाचं बरं वाटतं. पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड ही सगळी हलकी, अविश्वासू मंडळी. साडेतीन इंची डिस्क हातात घेतली की पाट्यावरचा वरवंटा घेतल्यासारखं वाटतं. १९५६ साली आयबीएमने काढलेली पहिली हार्ड डिस्क मात्र वरवंटा नव्हती, जातं होती. प्रत्येकी दोन फूट व्यासाच्या ५० परातींची उतरंड, वजन टनाच्या वर, आणि त्यात मावायचं किती? सुमारे पाच एमबी. माझ्या कॅमेऱ्याचं एक सेकंदसुद्धा नाही.

आत काय चाललेलं असतं ते एकदा डोळ्यांपुढे आणून बघा. मिनिटाला ७,२०० फेरे. तबकडीचा व्यास साधारण साडेनऊ सेंटीमीटर. म्हणजे तबकडीची कड ताशी सव्वाशे किलोमीटरच्या वर पळत असते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्याला लागलं तेव्हा वाऱ्याचा वेग त्याच घरातला होता. एवढ्या वेगाने पळणाऱ्या पृष्ठभागावरून वाचणारं-लिहिणारं हेड काही नॅनोमीटर उंचीवरून तरंगतं, हवेच्या पातळ गादीवर. हवा लागते म्हणूनच साध्या डिस्कच्या झाकणाला एक बारीक भोक असतं आणि शेजारी लिहिलेलं असतं की हे भोक बुजवू नका. भोकाच्या आतल्या बाजूला गाळणी असते. मोठ्या क्षमतेच्या हेलियम भरलेल्या डिस्क पूर्ण सीलबंद असतात, पण माझ्या ऐपतीतल्या डिस्क आचऱ्याच्याच हवेवर जगणार. ते भोक बघून मी अण्णांकडून एक गोष्ट कबूल करून घेतली: पडवीवरच्या कौलांचं काम शेवटी.

बसवणं सोपं. मी पहिली डिस्क बसवली ती २००३-०४ मध्ये, कुडाळच्या एका सायबर कॅफेत उमेदवारी करताना. तेव्हा हातभर लांब, राखाडी, चपटी पट्टी असायची आणि एका पट्टीवर दोन डिस्क लावायच्या तर एक मालक, एक चाकर असं ठरवावं लागायचं, डिस्कच्या पाठीवरचा नखाएवढा जंपर इकडून तिकडे सरकवून. दोघंही मालक झाले तर एकही चालायची नाही. भाऊबंदकीचं इतकं स्वच्छ उदाहरण मी त्यानंतर फक्त सातबाऱ्यावर बघितलं. आता प्रत्येक डिस्कला स्वतंत्र बारीक तार. त्या जोडणीला साटा म्हणतात. आईला वाटतं मी साठा म्हणतो, आणि मी दुरुस्त करत नाही.

दोन डिस्क एकमेकींना चिकटवून ठेवल्या नाहीत, मधला कप्पा मोकळा सोडला. आमच्याकडे पडवीत दुपारी ३५ अंश असतं. डिस्क स्वतःची सात-आठ अंश उष्णता त्यात मिळवते. दोन गरम शेजारणी मागेपुढे हवा खेळत असली तरच गुण्यागोविंदाने राहतात. समोरचा पंखा धुऊन, वाळवून लावला.

विजेच्या जोडणीला मात्र अडलो. पॉवर सप्लायमधून साटाची तीन टोकं येत होती, त्यातली दोन आधीच गुंतलेली. कणकवलीच्या दुकानदाराने मला जुन्या चार पिनांच्या टोकाला लावायचं फाटेवालं टोक दिलं. साचात ओतलेलं, गुळगुळीत, स्वस्त. मी ते परत केलं. दुकानदाराला राग आला, पण या ओतीव टोकांच्या आत तारा प्लास्टिकमध्ये कशातरी रुतवलेल्या असतात. १२ व्होल्ट आणि जमिनीची तार आतल्या आत जवळ सरकल्या तर एक दिवस टोक वितळतं आणि डिस्क घेऊन जातं. ज्याच्यात प्रत्येक तार वेगळी दाबून बसवलेली दिसते ते टोक मागितलं. तीस-चाळीस रुपयांचा फरक. साडेतीन इंची डिस्क फिरायला सुरुवात करताना १२ व्होल्टच्या तारेवर सुमारे दोन अँपिअर ओढते. नंतर शांत होते. बैलगाडी चढावर काढताना लागतो तसा तो पहिला हिसका असतो, आणि तो त्या टोकाला पेलावा लागतो.

संध्याकाळी लाईट आली. बटण दाबलं. एक डिस्क दिसली. दुसरी नाही.

इथून पुढचे तीन तास मी सांगू नयेत असेच आहेत. तार बदलली. डिस्क बदलून बघितली. जी दिसत नव्हती ती दुसऱ्या तारेवर दिसली, मग जी दिसत होती ती दिसेना. दुकानदाराला फोन करून मी नको ते बोललो. तोही बोलला. नऊ वाजता आई म्हणाली, "कागद बघ की मेल्या. वस्तू घेतलस तेव्हा कागद दिल्यानी होतो ना?" मदरबोर्डचं खोकं माळ्यावर होतं, कोकमाच्या बरणीच्या मागे. पुस्तिकेला कसर लागली होती, पण ते पान शाबूत होतं. तळाला बारीक अक्षरांत टीप: एम.२ च्या खाचेत साटा जातीची पट्टी बसवली असेल तर साटाचं एक क्रमांकाचं तोंड बंद राहील. माझी विंडोज ज्या पट्टीवर, म्हणजे छोट्या एसएसडीवर, आहे ती त्याच जातीची. म्हणजे वर्षानुवर्षं माझ्या बोर्डावर एक दार होतं जे आतून भिंतीने बुजवलेलं होतं, आणि मी बाहेरून कडी वाजवत बसलो होतो. तार एकाऐवजी चार क्रमांकाच्या तोंडात लावली. दोन्ही डिस्क दिसल्या. दुसऱ्या दिवशी दुकानदाराला फोन करून माफी मागितली. तो म्हणाला, "असूंदे." त्याचा सूर मात्र असू देण्याचा नव्हता.

ज्यांना कधी हे करायचं असेल त्यांच्यासाठी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. नवी डिस्क लावली आणि 'धिस पीसी' मध्ये दिसली नाही, तर घाबरू नका. कोरी डिस्क तिथे दिसतच नाही. डिस्क मॅनेजमेंट उघडायचं. ती तिथे काळी पट्टी घेऊन बसलेली असते. ते विचारतं, एमबीआर की जीपीटी? हल्ली गप्पा मारतं ते जीपीटी नव्हे, हे डिस्कच्या वाटण्यांच्या तक्त्याचं नाव. जीपीटीच घ्यायचं. जुन्या एमबीआरची मोजणी ३२ बिटांच्या आकड्यापर्यंतच जाते, त्यामुळे दोन टीबीच्या पलीकडचं त्याला दिसत नाही. चार टीबीच्या डिस्कची अर्धी जमीन त्याच्या लेखी समुद्रात.

आणि चार टीबीची डिस्क विंडोजमध्ये ३.६३ दिसते. यात फसवणूक नाही. बनवणारा हजाराच्या पटीने मोजतो, विंडोज १,०२४ च्या पटीने. आमच्याकडे भात मोजताना एक पायली शीग लावून असायची आणि एक सपाट, काठी फिरवून. देणारा सपाट मोजायचा आणि घेणारा शिगेची अपेक्षा धरायचा. भांडण पायलीत नव्हतं, शिगेत होतं.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला बसलो तिथे येतो. दोन डिस्कपैकी एक कणकवलीहून घेतली होती, दुसरी ऑनलाइन, बरीच स्वस्त मिळाली म्हणून. दोघींवरही चार टीबी लिहिलेलं. दोघींवर एकाच वेळी मागची रेकॉर्डिंग चढवायला लावली. पहिली न थकता सेकंदाला दीडशे-पावणेदोनशे एमबीने चालत राहिली. दुसरी सुरुवातीला तशीच धावली, आणि काही वेळाने तिचा वेग पंधरावर आला. मग शून्य. मग परत पंधरा. मला वाटलं हीही बिघडलेली. पण आदल्या दिवशीचा दुकानदार आठवला आणि या वेळी फोन न करता आधी वाचलं.

ती डिस्क एसएमआर, म्हणजे शिंगल्ड मॅग्नेटिक रेकॉर्डिंग, जातीची होती. तिचं मूळ नाव घराच्या छपरावरच्या एकमेकांवर चढवलेल्या फळ्यांवरून पडलंय. तिकडे फळ्या, आपल्याकडे कौलं. आणि मी कौलांच्या खालीच बसलो होतो.

लिहिणारं हेड जाड रेघ ओढतं, पण वाचणाऱ्याला बारीक रेघही पुरते. मग बनवणाऱ्यांनी विचार केला की जाड रेघा शेजारी शेजारी न ओढता एकीवर एक थोडी चढवत ओढाव्यात. प्रत्येकीची जेवढी कड उघडी राहील तेवढी वाचायला पुरेशी. तेवढ्याच तबकडीवर जास्त माल मावतो. मंगलोरी कौलांचं हुबेहूब हेच. वळचणीपासून सुरुवात करायची, प्रत्येक वरची ओळ खालच्या ओळीच्या डोक्यावर चढवत आढ्यापर्यंत जायचं. दिसते ती फक्त कड. १८६५ साली बासल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला तेव्हापासून आपली घरं या एकावर एक चढण्यावर कोरडी आहेत.

अडचण येते ती मधलं बदलायला गेलं की. खालच्या ओळीतलं एक कौल फुटलं तर ते ओढून निघत नाही. त्याच्यावर चढलेलं आधी उचलावं लागतं, आणि त्याच्यावर जे आहे तेही सैल करावं लागतं. त्या डिस्कचंही तसंच. मधली एक रेघ नव्याने लिहायची तर तिच्यावर चढलेली पुढची रेघ पुसली जाते, म्हणून तीही लिहायची, मग तिच्या पुढची, त्या पट्ट्याच्या शेवटापर्यंत. हे काम टाळायला डिस्क नवा माल आधी अंगणात टाकते, म्हणजे एका मोकळ्या राखीव भागात, आणि निवांत वेळ मिळाला की उचलून छपरावर रचते. मी तिला निवांत वेळच दिला नव्हता. अंगण भरलं, आणि ती एका हाताने माल घेत दुसऱ्या हाताने कौलं रचत बसली. पंधरा एमबीचा वेग तो तिथून आला.

खोक्यावर हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. २०२० साली ग्राहकांनी आरडाओरडा केल्यावर मोठ्या कंपन्यांनी कुठल्या डिस्क या जातीच्या आहेत ते उघड केलं. तोवर विकत घेणाऱ्याला वेग पडल्यावरच कळायचं. तेव्हा मॉडेल क्रमांक घेऊन कंपनीच्या तक्त्यात बघायचं, एवढंच आपल्या हातात. मला मात्र त्या डिस्कचा राग येईना. रोज खाडाखोड करायची असेल तर ती कामाची नाही. एकदा रचलं आणि वर्षभर नुसतं बघितलं, असं काम असेल तर ती कौलारू घराइतकीच चांगली. मी संपादनाचं सगळं पहिलीवर ठेवलं, आणि झालेलं, संपलेलं, आता हात न लावायचं ते हिच्यावर. रात्री तिला एकटीला सोडून झोपलो. पहाटे उठलो तर तिची कुरकुर थांबलेली होती.

अण्णांना मी हे सगळं दुपारी जेवताना सांगितलं. त्यांनी आंबट वरणाचा भुरका मारला. "म्हंजे वरचा कौल आदी काढूक व्हया," ते म्हणाले. "ता आमका म्हायत होता." आणि पुढे मासळीकडे वळले.

जुनी एक टीबीची डिस्क काढायच्या आधी तिची तब्येत तपासली. डिस्क स्वतःच्या दुखण्यांची वही स्वतःच ठेवते, स्मार्ट नावाची. किती तास चालली, किती जागा खराब झाल्या म्हणून बाजूला टाकल्या, किती जागा संशयित आहेत. माझी ३१,००० तास चालली होती आणि आठ जागा टाकून दिल्या होत्या. वयाच्या मानाने ठीक. पण एक ओळ बघून मी थांबलो. अचानक वीज गेल्यामुळे हेड घाईने मागे घ्यावं लागलं, अशी वेळ किती वेळा आली त्याची ही मोजणी. १,१८७.

म्हणजे आमच्याकडे लाईट गेल्याची खरी नोंद कुणाकडे असेल तर या डिस्ककडे. यूपीएसची बॅटरी दोन पावसाळे काढते आणि तिसऱ्यात नुसती शिट्टी मारते, त्यामुळे हे बहुतेक झटके हिने थेट अंगावर घेतले. ती वाचली कशी, तर त्याची युक्ती मला फार आवडते. वीज गेली तरी तबकड्या लगेच थांबत नाहीत. त्या फिरत राहतात, आणि त्यांच्या फिरण्यातूनच मोटर उलटी चालून थोडी वीज तयार करते. तेवढ्या विजेवर हेड आपल्या कडेच्या जागी जाऊन बसतं. म्हणजे मरता मरता ती स्वतःच्या वेगावर घरी पोचते. १,१८७ वेळा.

तौक्तेच्या वेळी, २०२१ च्या मे महिन्यात, आमच्या घरात नऊ दिवस लाईट नव्हती. रात्री वाऱ्याने आढ्याजवळची कौलं पत्त्यांसारखी उचलली. पडवीत पाणी. मी सैरावैरा धावत होतो तेव्हा आईने गोठ्यातलं इरलं आणून कॉम्प्युटरवर घातलं. बांबू आणि पानांचं ते इरलं, आजीने लावणीला वापरलेलं. त्याच्यात माणूस वाकून उभा राहतो, कॅबिनेट तर आरामात मावलं. सकाळी टेबलाचे पाय पाण्यात होते आणि कॅबिनेट कोरडं.

भिजलं नाही म्हणून जे सुखरूप असेल असं मी समजत होतो, ते दुसरंच निघालं. २०१३ ते २०१६ चे तीन हंगाम एका बाहेरच्या डिस्कवर घालून, प्लास्टिकमध्ये बांधून, मी माळ्यावर ठेवले होते. पाच वर्षं त्यांना हात लावला नव्हता. वादळानंतर माळा आवरताना ती खाली काढली. वरून एक ओरखडा नव्हता. जोडली. टक. टक. टक. थोडं थांबून परत टक. हेड जागा शोधतं आणि त्याला ती सापडत नाही तेव्हाचा हा आवाज. ज्याने ऐकला तो विसरत नाही. पुण्यात डेटा काढून देणाऱ्यांनी जो आकडा सांगितला त्यात मला नवा कॅमेरा आला असता.

आई तेव्हा म्हणाली होती, आणि तेव्हा मला ते झोंबलं होतं, की कौलं वर्षातून एकदा उचलतात ती फुटली म्हणून नव्हे, उचलली नाहीत तर कळणारच नाही म्हणून. भाताचं बियाणंही ती दरवर्षी पेरते आणि दरवर्षी नवं धरते. पाच वर्षं कणगीत ठेवलेलं बी कणगीत असतं, पण बी नसतं.

तेव्हापासून एक प्रत डोंबिवलीला असते, ताईच्या दिवाणात, रजयांच्या खाली. गणपतीला ती मंडळी येताना डिस्क घेऊन येतात, मी तीवर वर्षभराचं चढवतो, सगळ्या जुन्या फाइली एकदा वाचून जुळवून घेतो, आणि पाचव्या दिवशी ती उकड्या तांदळाच्या पिशवीतून परत जाते. घरातल्या दोन डिस्क एकमेकींचा आरसा करून ठेवाव्यात, असं काही मित्र सुचवतात. मी नाही करत. आरशात चूकही लगेच उमटते. इथे फाइल पुसली की तिथेही पुसली. आणि वीज कोसळली किंवा पाणी आलं तर एकाच डब्यातल्या दोघी एकदमच जातील. एकाच घरात दोन प्रती म्हणजे सोबत झाली, संरक्षण नाही झालं.

आचऱ्याच्या माणसाला हे खरं तर शिकवायला नको. आमच्याकडे गावपळण असते. दर काही वर्षांनी रामेश्वराचा कौल झाला की सगळा गाव, माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, वेशीबाहेर जातो. तीन दिवस, तीन रात्री झोपड्यांतून राहतो. मागे गावात चिटपाखरू नाही. मागच्या गावपळणीत शेजारचे काका गाईला घेऊन निघाले होते, आई देवाची पेटी आणि बियाण्याची गाठोडी घेऊन, आणि माझ्या पाठीवर कॅमेऱ्याची बॅग, तिच्यात डिस्क. काकांनी विचारलं, "ह्या काय?" मी म्हणालो, "नाटकां." ते म्हणाले, "घे, घे. तेंका एकटा ठेवूचा नाय." आमच्या बोलीत छपराचंही कौल आणि देवाचाही कौल. मी डोंबिवलीच्या डिस्कला गावपळणीवर पाठवलेली समजतो. ती फक्त परत येण्याचा कौल घेत नाही.

चार दिवसांत सगळं मार्गी लागलं. डिस्कना नावं द्यायची असतात. वेगवान तिला 'पडवी' म्हटलं, रचून ठेवायचीला 'माळा'. अण्णांनी पडवीवरची कौलंही बदलली, हिशेब केला, गेले. आईने इरलं गोठ्यात न ठेवता कॉम्प्युटरच्या मागे भिंतीला टेकवून ठेवलं. मी काही बोललो नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात रात्री पाऊस आला. वाऱ्याबरोबर, कडेने, एकदम. यूपीएसने शिट्टी मारली नाही, लाईट टिकून होती. मी 'माळ्यावर' हंगामातली शेवटची जत्रा चढवत होतो. पडद्यावर दोन तास शिल्लक दाखवत होतं. अकरा-साडेअकराला आवाज आला.

टक.

मी हात थांबवला. थोड्या वेळाने परत. टक. टक. पोटात गोळा आला. खुर्ची ढकलून गुडघ्यांवर बसलो, कॅबिनेटच्या पत्र्याला कान लावला. पत्रा चावला नाही. आत दोन्ही डिस्क एकसुरी गुणगुणत होत्या, पंखा फिरत होता, हेडची बारीक करकर नेहमीसारखी. आणि टक. आतून नव्हे. मागून, वरून.

"झिला," आईचा आवाज माजघरातून आला, "गळता रे खय तरी."

देवळीतला तांब्या घेऊन ती आधीच उभी होती. मी विजेरी घेतली, माळ्यावर चढलो. तिसऱ्या वाशाशी पाण्याची रेघ चमकत होती. अण्णांच्या नजरेतून एक सुटलं होतं, किंवा चढताना पाय पडला असेल. मी फुटक्या कौलाला हात घातला, ओढलं. निघेना. मग विजेरी दातात धरली आणि त्याच्या वरचं उचलायला दोन्ही हात वर केले.